बंद पडलेला जुना ट्रॅक्टर: टोचन लावण्याआधीची सगळी कामं, क्रमाने

गोठ्यामागे चार-पाच पावसाळे उभा असलेला ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो. तो घरी येतो आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या ट्रॅक्टरला टोचन लावून, गिअर टाकून ओढला जातो. पहिल्या पन्नास फुटांत मागची चाकं घासत जातात, मग एक दणका बसतो आणि इंजिनातून ठकठक सुरू होते. सायलेन्सरमधून शिरून सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी पिस्टनने दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो. नोझल, गास्केट आणि ऑइल एवढ्यावर जे इंजिन चाललं असतं, ते आता पूर्ण उघडावं लागतं.

चूक कामात कमी आणि क्रमात जास्त होते. आधी इंजिन हाताने फिरलं पाहिजे. मग पाणी, मग ऑइल, मग डिझेल आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. चालू करण्याचा विचार करण्याआधी ते बंद कसं करायचं याची सोय हवी.

पुढचं सगळं ३५ एचपीच्या आसपासच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला धरून लिहिलं आहे: मॅसी फर्ग्युसन १०३५, महिंद्रा २६५, स्वराज ७३५, एचएमटी ३५११. इतर मॉडेलला क्रम हाच राहतो. टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर), टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) आणि नोझल प्रेशर मात्र आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्या.

## टप्पा १: पैसे देण्याआधी कागद

आरसी हातात घ्या आणि चेसिस नंबर व इंजिन नंबर ट्रॅक्टरवर स्वतः वाचा. ग्रीस आणि माती तारेच्या ब्रशने काढा, नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. आकडे खरवडलेले किंवा वाकडेतिकडे पुन्हा ठोकलेले दिसले तर तिथूनच परत फिरा. दुसऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन बसवून त्याची नोंद न करण्याचे प्रकार खूप आहेत. ट्रान्सफरच्या वेळी तेच आडवं येतं.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हवा. "कर्ज कधीच फिटलंय" हे तोंडी चालत नाही. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ट्रॅक्टर दुसऱ्या आरटीओकडचा असेल तर फॉर्म २८ची एनओसी. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ने नोंद होते आणि मग विक्री. ही पायरी गाळून सौदा केला की पुढे सहीला माणूस मिळत नाही.

शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहनात मोडतो. त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढचं नूतनीकरण फॉर्म २५ने पाच-पाच वर्षांचं. जुन्या ट्रॅक्टरची मुदत बहुतेक संपलेलीच असते, आणि नूतनीकरणाला ट्रॅक्टर चालू स्थितीत तपासणीला न्यावा लागतो. म्हणून पूर्ण रक्कम देण्याआधी सगळ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवा. ट्रॉली सोबत घेत असाल तर तिची नोंदणी वेगळी असते, तेही कागद मागा.

## टप्पा २: जागेवरची तपासणी

तीस मिनिटं लागतात. सोबत न्यायचं एवढंच: टॉर्च, क्रँक पुलीच्या बोल्टला बसणारा सॉकेट, लांब दांडी, पांढरं फडकं.

सायलेन्सरचं तोंड. डबा किंवा झाकण नसेल आणि ट्रॅक्टर उघड्यावर असेल, तर निदान एका सिलिंडरमध्ये पाणी गेलंय असं धरूनच भाव करा.

डिपस्टिक. काळं ऑइल चालेल. दुधाळ, चहासारखं ऑइल म्हणजे आत पाणी. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर पाणी किंवा डिझेल उतरलंय. फडक्यावर थेंब घेऊन बोटांत चोळा. डिझेल असेल तर वास लगेच सांगतो.

रेडिएटर. झाकण उघडून बोट फिरवा. तेलाचा तवंग असेल तर हेड गास्केट किंवा हेडच्या तड्याचा संशय घ्या.

बॉडीचे तडे. ब्लॉकच्या बाजू, क्लच हाउसिंग आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा सपोर्ट खरवडून बघा. ताजा रंग आणि त्याखाली वेल्डिंगची उंच रेघ असेल तर ट्रॅक्टर सोडून द्या. बाकी सगळं बदलता येतं, पण बीडाचं वेल्डिंग नांगराच्या ओढीला किती दिवस टिकेल याची खात्री कुणीच देत नाही.

इंजिन फिरतं का? गिअर न्यूट्रलला करा, स्टॉपर (इंजिन बंद करायची दांडी) ओढून ठेवा आणि दांडीने पुली हळूहळू फिरवून बघा. फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर लावू नका, "जाम" असं लिहून घ्या आणि तसा भाव करा.

मागचे टायर आणि रिम. १२.४-२८ किंवा १३.६-२८ टायरची जोडी हा जुन्या ट्रॅक्टरवरचा सगळ्यात मोठा एकरकमी खर्च असतो. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्हजवळची रिम आतून कुजते. तिथे हातोडीने हलकं ठोकून आवाज ऐका.

सुटे भाग. कोणते भाग हलवून नेलेत ते बघा. सेल्फ, अल्टरनेटर, पंप, लिफ्टच्या दांड्या बहुतेक वेळा आधीच गेलेल्या असतात. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद झालाय, त्यामुळे त्या ट्रॅक्टरचे भाग आपल्या बाजारात कुठे मिळतात याची चौकशी सौद्याआधी करा.

> तपासा: टायर, बॅटरी, पंप-नोझल, क्लच, ऑइल-फिल्टर आणि लाइनर-पिस्टन अशी सहा ओळींची यादी करून प्रत्येकासमोर स्थानिक भाव लिहा. बेरीज आणि मागितलेली किंमत मिळून चालू ट्रॅक्टरच्या भावाजवळ जात असेल तर चालूच घ्या.

## टप्पा ३: घरी आणताना

टेम्पो किंवा लोबेडवर आणणं सगळ्यात चांगलं. ओढूनच आणायचा असेल तर दोर-साखळी नको, लोखंडी बार लावा. मुख्य गिअर आणि हाय-लो दोन्ही न्यूट्रल, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) सुटलेला, स्टिअरिंगवर जाणता माणूस. ब्रेक चालत नसतील तर उतारावरून ओढत आणू नका.

> सावधान: वाटेत "बघू तरी लागतो का" म्हणून गिअर टाकायचा नाही. बहुतेक इंजिनं इथेच मोडतात.

## टप्पा ४: उभा करणं, धुणं, आणि बंद करण्याची सोय

सपाट, कठीण जागा निवडा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा आणि बॅटरी काढून ठेवा. पंप, नोझल, फिल्टर यांच्या भोवतीचा भाग डिझेल आणि ब्रशने धुऊन कोरडा करा. नोझल काढताना कडेची माती सिलिंडरमध्ये पडली तर ती थेट लाइनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) घासते.

आता बंद करण्याची सोय. स्टॉपरची दांडी ओढा आणि पंपावरची पट्टी खरंच शेवटपर्यंत सरकते का ते डोळ्याने बघा. गंजलेल्या केबलमुळे दांडी हलते आणि पट्टी जागची हलत नाही, असं खूप वेळा होतं. दुसरी सोय हवा बंद करण्याची. एअर क्लीनरची होज काढून मॅनिफोल्डचं तोंड मोकळं करा आणि त्यावर पूर्ण बसेल अशी जाड लाकडी फळी कापून जवळ ठेवा. इंजिन सुसाट सुटलं तर फळी तोंडावर दाबायची. हाताचा तळवा किंवा फडकं कधीच नाही, ओढ जबरदस्त असते.

## टप्पा ५: इंजिन मोकळं करणं

१. नोझलचे पाइप सोडवा, पंपाच्या तोंडांना प्लास्टिकच्या टोप्या लावा आणि तिन्ही नोझल काढा. नोझलखालचा तांब्याचा वॉशर भोकात चिकटून राहतो, तो तारेच्या आकड्याने बाहेर काढाच. जुन्यावर नवा बसला तर नोझलची उंची बदलते, धूर येतो आणि मेस्त्री पंपाला दोष देत बसतो.

२. प्रत्येक भोकात बारीक नळी घालून मोठ्या सिरिंजने ओढून बघा. पाणी किंवा गंजाचं लाल पाणी आलं तर सगळं काढून घ्या.

३. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल) आणि डिझेल समप्रमाणात मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० ते १०० मिली ओता. भोकांवर स्वच्छ कापड टाका आणि दोन-तीन दिवस हात लावू नका.

४. टॅपेट कव्हर काढा. प्रत्येक व्हॉल्व्ह प्लॅस्टिकच्या हातोडीने हलका दाबून बघा. तो खाली जाऊन स्प्रिंगने लगेच वर यायला हवा. अडकलेल्या व्हॉल्व्हसह इंजिन फिरवलं तर पुशरॉड वाकतो. अडकलेल्यावर तेच मिश्रण सोडा आणि मोकळा होईपर्यंत थांबा.

५. आता पुलीच्या बोल्टवर दांडी लावून पुढे-मागे हलवा. एका दिशेने ताण देत राहू नका. केसभर पुढे, केसभर मागे, पुन्हा थोडं मिश्रण. एकदा हललं की तासाभरात पूर्ण फेरा होतो.

६. आठ-दहा दिवसांत हललं नाही तर हेड काढा. लाइनरवर गंजाचा कडा दिसेल. तो बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. लोखंड थेट पिस्टनवर मारायचं नाही. लाइनरवर नखाला अडणारे खड्डे असतील तर लाइनर-पिस्टनचा सेट बदलावाच लागतो.

> सावधान: जाम इंजिनावर सेल्फ मारू नका. रिंग गिअरचे दात जातात, आर्मेचर जळतं.

इंजिन मोकळं झालं की नोझलची भोकं उघडीच ठेवून हाताने चार-पाच फेरे द्या. भोकांसमोर तोंड नेऊ नका, आतलं पाणी-तेल पिचकारीसारखं उडतं. काढलेली नोझल आता पंप-नोझलवाल्याच्या लॅबमध्ये टेस्टरवर पाठवा.

## टप्पा ६: पाणी रात्रभर

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. नवं ऑइल ओतण्याआधी, नोझल लॅबमध्ये असतानाच ती करायची.

जुनं ऑइल काढा आणि चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्राचा) ड्रेन बोल्ट काढलेलाच राहू द्या. खाली स्वच्छ ताट ठेवा. रेडिएटर धुऊन घ्या, होज नवे लावा आणि साधं पाणी तोंडापर्यंत भरून रात्रभर सोडा.

सकाळी आधी ताट बघा. जुन्या ऑइलचे चार काळे थेंब पडलेले असतात, ते ठीक. त्या काळ्या थेंबांच्या मधोमध काचेसारखा गोल पाण्याचा थेंब दिसला, तर ओल्या लाइनरच्या (ज्यात पाणी थेट लाइनरला लागतं अशा) इंजिनात बहुधा खालच्या ओ-रिंगा गेल्यात. मग हाताने इंजिन एक फेरा फिरवा. एखाद्या नोझलच्या भोकातून पाणी आलं तर त्या सिलिंडरचं हेड गास्केट किंवा हेड तडकलंय. दोन्ही कोरडे, पण रेडिएटरची पातळी उतरली असेल तर वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक बघा. सील गेलं की पाणी तिथूनच ठिबकतं.

गळती सापडली तर इथेच थांबून ती काढा. नवं ऑइल ओतल्यावर हाच दोष कळायला इंजिन चालवावं लागतं, आणि तोवर पाणी बेअरिंगपर्यंत पोचलेलं असतं.

## टप्पा ७: ऑइल

चेंबर खाली घ्या. तळाला लोण्यासारखा थर असतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर तोच बसलेला असतो. नुसतं ऑइल बदलून ही जाळी साफ होत नाही. तळात चमकणारे पिवळे-तांबूस कण दिसले तर बेअरिंग उघडून बघा.

जाळी धुवा, नवं गास्केट लावा, नवा फिल्टर ऑइलने भरून बसवा. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल घाला. साधारण ६ ते ८ लिटर बसतं, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा. रॉकरवर आणि पुशरॉडवर हाताने ऑइल सोडा. टॅपेटचं अंतर फिलर गेजने लावा.

## टप्पा ८: डिझेल

टाकी खाली उतरवा. जुन्या डिझेलचा चिकट काळा गाळ तळाला असतो. तो नुसत्या धुण्याने निघत नाही. टाकीत दोन मूठ गुळगुळीत खडे आणि दोन लिटर डिझेल घालून हलवा, ओता, डिझेल स्वच्छ बाहेर येईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. खडे मोजून घाला आणि मोजून काढा. कॉक, त्याची जाळी, फीड पंपाची वाटी साफ करा. दोन्ही फिल्टर नवे, सोबतचे रबरी सीलही नवे. जुनं सील राहिलं की हवा ओढते.

पंप. इनलाइन पंप असेल तर बाजूची झाकणपट्टी काढा. आत तीन प्लंजरच्या (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यांच्या) स्प्रिंगा आणि त्यांच्यामागून आडवी जाणारी रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) दिसते. रॅकला बोट लावून सरकवा. ती लोण्यातून सुरी जावी तशी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली पाहिजे, कुठेही टचकन अडता कामा नये. मग दुसऱ्याला इंजिन हाताने फिरवायला सांगा आणि तिन्ही प्लंजर वर-खाली होताना बघा. एखादा वरच राहिला तर तो चिकटलाय.

चिकटलेला प्लंजर रॅकला धरून ठेवतो. रॅक पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकलेली असेल तर इंजिन चालू होताच सुसाट सुटतं. त्या पोकळीत स्वच्छ डिझेल सोडून एक-दोन दिवस भिजू द्या. तरी सुटला नाही तर पंप लॅबमध्ये द्या. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं नाही, आणि रॅकवरचे छोटे क्लॅम्प स्क्रू सैल करायचे नाहीत. तिन्ही सिलिंडरला सारखं डिझेल जाण्याची जुळणी त्यांच्यावर असते.

रोटरी पंप असेल तर तो घरी उघडू नका. त्याचे भाग डिझेलनेच ओले राहतात आणि वर्षानुवर्षं कोरडे पडल्यावर चिकटतात. जोराने फिरवला तर ड्राइव्ह शाफ्ट तुटतो. सरळ लॅबमध्ये द्या. कोणताही पंप काढण्याआधी फ्लँज आणि बॉडीवर छिन्नीने एकच सरळ खूण करा, नाहीतर टायमिंग हरवतं.

हवा काढणं. क्रम टाकीकडून इंजिनाकडे:

१. कॉक उघडा. पहिल्या फिल्टरचा हवेचा स्क्रू सैल करा, फीड पंपाचा हातपंप मारा, बुडबुडे थांबले की घट्ट.
२. दुसरा फिल्टर, तसंच.
३. पंपावरचा स्क्रू, तसंच.
४. नोझल नव्या तांब्याच्या वॉशरसह बसवा, दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. पाइपचे नट नोझलच्या बाजूला एक आटा सैल ठेवा; ते पहिल्या सेल्फच्या वेळी घट्ट करायचे.

> सावधान: नोझलचा फवारा बोटाने तपासायचा नाही. तो कातडीतून आत शिरतो आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी आत मांस सडतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

## टप्पा ९: वीज आणि न्यूट्रल

उंदरांनी खाल्लेलं वायरिंग जोडत बसू नका. चालू करण्यापुरती सेल्फची जाड केबल, अर्थिंग आणि ऑइल प्रेशरचा गेज एवढंच नीट करा. अर्थिंगची पट्टी जिथे बसते तिथला रंग आणि गंज घासून धातू उघडा पाडा; "सेल्फ कमजोर आहे" या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात. बॅटरी १२ व्होल्ट, ७५ ते ८८ एएचची, पूर्ण चार्ज. डायनामोच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो, जोडण्याआधी बघा. सेल्फ फिरताना बॅटरीवर ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको.

मागचा भाग जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवा आणि न्यूट्रलमध्ये चाकं मोकळी फिरतात का ते बघा. जुन्या ट्रॅक्टरची दांडी न्यूट्रल दाखवते आणि आत गिअर अडकलेला असतो.

> सावधान: जमिनीवर उभं राहून सेल्फच्या टर्मिनलला पाना लावून ट्रॅक्टर चालू करू नका. गिअरमध्ये असला तर मागचं चाक तुमच्यावरूनच जातं. सीटवर बसून, क्लच दाबूनच.

## टप्पा १०: पहिल्यांदा चालू करणं

दोन माणसं हवीत: एक सीटवर, एक फळी घेऊन मॅनिफोल्डजवळ. चाकं घोड्यांवरच राहू द्या.

१. स्टॉपर ओढलेला ठेवून दहा सेकंद सेल्फ, एक मिनिट विश्रांती. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत असंच. पाच-सहा वेळांत हलला नाही तर ऑइल पंप आणि फिल्टर पुन्हा बघा. पुढे जाऊ नका.
२. स्टॉपर सोडा, रेस एक तृतीयांश. सेल्फ मारून सैल ठेवलेल्या नटांतून डिझेल ठोके घेत येऊ द्या, मग एकेक नट घट्ट करा.
३. पुन्हा सेल्फ. धूर काय सांगतो ते वाचा. धूरच नाही: डिझेल पोचत नाही, पुन्हा हवा काढा. पांढरा धूर: डिझेल जातंय पण पेटत नाही, कॉम्प्रेशन कमी किंवा टायमिंग चुकलंय. अशा वेळी डिझेलच्या कॉम्प्रेशन गेजने तिन्ही सिलिंडर तपासा. एकच खूप खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा चिकटल्यात.
४. इथे पेट्रोलचा बोळा, पेटता पलिता किंवा इथरचा स्प्रे वापरण्याचा मोह होतो. नको. गंजून चिकटलेल्या रिंगांवर तो दणका बसला की पिस्टनची कड तुटते.
५. चालू झालं की रेस वाढवू नका. दहा सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही तर बंद.
६. फक्त तीन ते पाच मिनिटं. बंद करा, डिपस्टिक आणि रेडिएटर बघा, सगळे जोड हाताने तपासा. ठीक असेल तर एअर क्लीनर साफ करून बसवा. ऑइल बाथचा असेल तर त्यात खुणेपर्यंतच ऑइल. जास्त झालं तर इंजिन तेच ओढून सुसाट सुटतं.
७. आता वीस मिनिटं गरम होऊ द्या. पहिल्या मिनिटांतला निळा धूर आत ओतलेल्या मिश्रणाचा असतो. गरम झाल्यावरही निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फकफक धूर राहिला तर रिंगा-लाइनरचं काम आहे.

## टप्पा ११: क्लच, ब्रेक, गिअर ऑइल

उभ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. इंजिन गरम असताना बंद करा, क्लच पूर्ण दाबून लाकडाने अडवून रात्रभर ठेवा. सुटली नाही तर चाकं घोड्यांवर असतानाच, समोर-मागे कुणी नसताना, वरच्या गिअरमध्ये चालू करून क्लच दाबून ब्रेकचे झटके द्या. तरीही नाही सुटली तर ट्रॅक्टर मधून वेगळा करून क्लच बघावाच लागतो. भिंतीला टेकवून सोडवण्याचे प्रकार करू नका.

गिअर-हायड्रॉलिक ऑइल दुधाळ असेल तर गरम असताना काढा, रात्रभर निथळू द्या, हायड्रॉलिकची जाळी धुवा, मग नवं भरा. गिअर लिव्हरचं फाटलेलं रबरी बूट बदला, पाणी तिथूनच आत गेलेलं असतं. लिफ्ट उचलत नाही म्हणून पंप बदलण्याआधी जाळी आणि ऑइलची पातळी बघा. रस्त्यावर नेताना ब्रेकची दोन्ही पेडल पट्टीने जोडलेली हवीत आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखेच पकडले पाहिजेत.

## टप्पा १२: पहिले ५० तास

सुरुवातीला रिकामी ट्रॉली, मग हलकी कुळवणी. पलटी नांगर आणि रोटाव्हेटर ५० तासांनंतर. हेड उघडलं असेल तर पहिल्यांदा गरम झाल्यावर पुस्तिकेत सांगितलं असेल तसे हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा आणि टॅपेट पुन्हा लावा. रोज सकाळी चालू करण्याआधी डिपस्टिक, रेडिएटर आणि फिल्टरच्या वाटीतलं पाणी बघा. टाकीतला उरलेला गाळ पहिल्या आठवड्यात फिल्टरला येतो, म्हणून एक जादा डिझेल फिल्टर घरात ठेवा. ५० तासांना ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि काढलेला फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उन्हात उघडून बघा. काळपट काजळी ठीक, चमकणारे कण दिसले तर नांगर जोडण्याआधी चेंबर पुन्हा खाली घ्या.